धुराड्यालगतचं दार

१

आमच्या घरात भर पावसाळ्यातही कपडे वाळायचे. अख्ख्या भोरात श्रावणात माणसांच्या अंगाला ओलसर कुबट वास मारतो, आमच्या नाही. मधल्या खोलीत भिंतीलगत दोरी बांधलेली. सकाळी धुतलेली चादर टाकली की दुपारच्या अजानीपर्यंत कडकडीत. त्यात नवल कसलं? बेकरीवाल्यांचं घर. भिंतीपलीकडं भट्टी, भट्टीचं धुराडं घराच्या मधोमध वर चढलेलं, आणि त्याला लागूनची ती भिंत कायम गरम. लग्न होऊन आले तेव्हापासून थंडीत पाठ टेकायची ती त्या भिंतीला. फैजान, माझा मुलगा, परीक्षेचा अभ्यास तिला टेकून करायचा, आणि अभ्यास कमी, झोपाच जास्त काढायचा.

भट्टी बंद होऊन वर्ष उलटलं होतं. ह्यांना लकवा झाला त्या दिवशी शेवटची विझली. ह्यांचं नाव लियाकत. मी कधी घेत नाही, तुम्हाला कळावं म्हणून एकदा घेतलं. हेही माझं घ्यायचे नाहीत. "फैजानची अम्मी" म्हणायचे, नाहीतर नुसतं "अगं". आमचा पाव एसटीच्या टपावरून वेल्ह्यात, तिथून थेट पासलीपर्यंत जायचा, आणि सगळा ह्यांच्या एका उजव्या हातानं मळलेला. तोच हात गेला. उजवी बाजू गेली, जीभ गेली, राहिले ते फक्त डोळे आणि डावा हात.

माझी कामं ठरलेली. सकाळी ह्यांना कुशीवर वळवायचं, कोमट पाण्यानं अंग पुसायचं, पाठीला पावडर लावायची, चादर बदलायची, धुवायची आणि भिंतीशी वाळत घालायची. ह्यांची कॉटही मी त्याच भिंतीला लावली होती, माणसाला जरा ऊब मिळावी म्हणून. शेजारच्या बायका म्हणायच्या, झुबेदा, तू आहेस म्हणून तो माणूस जगलाय. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

२

न्हाणी आणि संडास अंगणापलीकडं. पावसात फैजान ह्यांना उचलून न्यायचा, छत्री धरून मी मागं, आणि छत्री असून तिघंही भिजायचो. शेवटी माझी सून महेजबीन म्हणाली, "अम्मी, बेकरीची जागा रिकामी पडलीय. तिथं कमोड बसवू आणि मधल्या खोलीतून दार पाडू. अब्बांची खुर्ची सरळ आत जाईल."

सून हुशार आहे, शाळेत शिकवते. तिची हुशारी मला कधी कधी जरा जास्तच वाटते, पण हे पटलं. दार पाडायला जागा एकच होती. एका बाजूला भट्टीचा घुमट, तिथं हात लावता येत नाही. राहिली ती धुराडं आणि कोपरा यांच्या मधली भिंत. म्हणजे जिथं ह्यांची कॉट होती बरोबर तिथं.

किकवीचा गेनू गवंडी आला. माणूस कामाचा, पण तोंडाची टकळी अखंड चालू. मोटारसायकल लावता लावताच त्यानं हायवेवरचा अपघात, टोमॅटोचे पडलेले भाव आणि मेव्हण्याची भांडणं असं सगळं सांगून टाकलं. आम्ही कॉट समोरच्या भिंतीला सरकवली. गेनूनं खूण करायला भिंतीवर तळहात टेकवला आणि लगेच काढून घेतला.

"चाची, भट्टी पेटिवली व्हय पुन्यांदा?"

"कोण पेटवणार? वर्ष झालं बंद आहे."

"मग भिंत कशानं तापलीया?"

"आमची भिंत गरमच असते रे बाबा," मी म्हणाले. हसत हसत म्हणाले, आणि वाक्य संपायच्या आत माझंच हसू जिरलं.

फैजान माझ्याकडं बघायला लागला. महेजबीनही. तिघांच्या डोक्यात उजेड एकदमच पडला. वर्षभर आम्ही त्या भिंतीला पाठ टेकून जेवलो, कपडे वाळवले, आजारी माणूस तिला लावून निजवला. दुसऱ्या कुणाच्या घरातली भिंत तापली असती तर त्यांनी पहिल्याच दिवशी आळी गोळा केली असती. ही चूक बेकरीवाल्यांनीच करावी. भिंत गार पडली असती तर मात्र आमच्या लगेच लक्षात आलं असतं.

३

माझा पहिला संशय फैजानवर. त्याचं एसटी स्टँडजवळ मोबाईलचं दुकान आहे, आणि त्याचे मित्र म्हणजे एकेक नमुने. म्हटलं, या पोरांनी भट्टी कशाला तरी वापरायला काढली असणार.

"अम्मी, डोक्यावर पडलीस का? भट्टी पेटली तर धूर दिसणार नाही आळीला?"

खरं होतं. तरी मी कमरेची किल्ली काढली, अंगणातून जाऊन बेकरी उघडली. आत अंधार, जुन्या मैद्याचा वास, रिकामे पत्रे एकावर एक रचलेले. भट्टीच्या तोंडावरचं झाकण ओढलं आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. गारठा. तळाला राख आणि उंदराच्या लेंड्या. धुराड्याला हात लावला, तेही गार. गुडघ्याच्या उंचीवर काजळी काढायचं लोखंडी झाकण असतं, ते तर बर्फ. मग तीच भिंत बेकरीच्या बाजूनं चाचपली. गार.

मधल्या खोलीत परत आले आणि अंगात ताप आहे का बघावं तसा भिंतीवर हात फिरवत गेले. कमरेच्या वर गार. खाली जमिनीलगत गार. मधला एक पट्टा तेवढा गरम, कॉटच्या उंचीचा, माणसाच्या लांबीचा. डोक्याच्या बाजूला जास्त, पायाच्या बाजूला कमी.

इथं मला हायसं वाटलं. हसाल तुम्ही, पण वाटलं. म्हटलं, वर्षभर माणूस इथं पडून आहे, त्याच्याच अंगाची ऊब भिंतीत मुरलीय. सरळ हिशोब. सुनेला सांगितलं तर तिनंही मान हलवली, म्हणाली, असेल, जुन्या विटा उष्णता धरून ठेवतात. शिकलेल्या माणसाला कारण सापडलं की तो गप्प बसतो.

मी ह्यांच्या पायावर पांघरूण घालायला गेले आणि तळवा हाताला लागला. दगडासारखा गार. पोटरी गार. मनगट गार. ह्यांना मी रोज कोमट पाण्यानंच पुसायचे, म्हणून मला ते कधी जाणवलंच नव्हतं. काखेत हात घातला तेव्हा कुठं जरा धुगधुगी लागली.

अंगाची ऊब भिंतीला गेली होती हे खरंच. पण मुरली म्हणावं, की ओढून घेतली म्हणावं? ह्यांचे डोळे माझ्यावर होते. काहीतरी सांगायला जीव तुटत होता माणसाचा, आणि माझ्या हातात नुसतं पांघरूण.

४

"आजच फोड," मी गेनूला म्हणाले. "एक वीट शिल्लक ठेवू नकोस तिथली."

गेनूनं छिन्नी लावली. वरच्या विटा मुकाट निघाल्या. पट्ट्यातल्या विटा निघायला लागल्या तसा तो हाताला फडकं गुंडाळून काम करायला लागला. पहिल्या दोन-तीनदा म्हणाला, "चाची, ह्या विटा न्हाईत, पाव हायेत पाव, ताजं." मग बोलायचा थांबला. गेनू गप्प झाला तेव्हा मला खरी पहिली भीती वाटली. भिंतीच्या पोटात काही लपवलेलं असेल अशी माझी खात्री होती. पोकळी, हंडी, हाड, काहीतरी. मी प्रत्येक घमेलं उपसून बघितलं. वीट आणि चुना, दुसरं काही नाही. अंगणात टाकल्या की विटा गार पडत होत्या, आपल्या नेहमीच्या विटा.

तिसऱ्या प्रहरी भिंत आरपार झाली आणि बेकरीचा उजेड मधल्या खोलीत आला. गेनू त्या भगदाडातून पलीकडं गेला आणि परत आला. परत येताना त्यानं अंग चोरलं. अरुंद बोळात समोरून कुणी येत असलं की आपण चोरतो तसं.

"चाची, जरा हितं उभ्या ऱ्हावा."

"कशाला?"

"ऱ्हावा तर."

मी त्या उघड्या दारात उभी राहिले. समोर बेकरी, मागं खोली, मधे काहीच नाही. आणि अंगाला ऊब लागली. विटा अंगणात पावसात भिजत पडलेल्या, आणि ऊब इथंच. मी हात पसरला, एका वितीवर संपली. खाली वाकले, घोट्यापाशी होती. वर कपाळापाशी होती. सकाळी ती आडवी होती. आता उभी होती.

"लई भिंती फोडल्या म्या," गेनू हळूच म्हणाला. "भिंत गेली की तिची गरमी बी जाती. ही मागं कशी ऱ्हायली?"

मी त्यालाच झापलं. म्हटलं, भोळ्या बाईला घाबरवून काम अर्धवट टाकायचा बेत दिसतोय तुझा. त्यानं वरची तुळई तेवढी बसवून दिली. उद्या चौकट आणतो म्हणाला, हत्यारं गोळा केली आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या दुसऱ्याही. फोन लावला तर उचलेना. चोराच्या मनात चांदणं, मी म्हणाले. पण त्यानं चोरलं काय, ते काही मला सांगता येईना.

५

दुपारची वेळ. फैजान दुकानात, महेजबीन शाळेत, लाईट गेलेली. पंखा बंद पडला की आमचं घर एकदम रिकामं वाटतं. ह्यांची कॉट समोरच्या भिंतीला, आणि ह्यांची नजर त्या दारावर. पापणी हलत नव्हती.

मी कुराणातली आयतुल कुर्सी पढले आणि चारी दिशांना फुंकर घातली. मनाला जरा धीर आला. मग वाटलं, आपण उगाच पिशी झालोय. हे भट्टी कशी जोखायचे? चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकायचे. पांढराच राहिला तर अजून लाकूड घाल, काळा झाला तर थांब, बदामी झाला की पाव टाक. मीही चिमूटभर मैदा घेतला आणि त्या दारात, फोडलेल्या विटांच्या कडेवर ठेवला. म्हटलं, पांढरा राहिला की माझ्या मनातलं जाईल आणि मी गेनूला शिव्या घालायला मोकळी.

चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. चहाला उकळी यायच्या आधी वास आला. वर्षभरात न आलेला वास, भाजल्या मैद्याचा. मी चहा तसाच सोडून पळत आले. मैदा बदामी झाला होता. पाव टाकायला बरोबर.

ह्यांच्या डाव्या हातानं कॉटचा गज इतका घट्ट धरला होता की नखं पांढरी पडलेली. डोळ्यांतून पाणी कानात ओघळत होतं. मी खुर्ची ओढली, दार आणि कॉट यांच्या मधे बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "इथं काय मिळायचं नाही. चालतं हो." कुणाला म्हणाले? समोर रिकामी बेकरी होती. त्या रिकाम्या जागेकडं एकटक बघत बसले, आणि वर्षभराचं जागरण अंगावर आलं. दुपारची डुलकी लागली.

जाग आली तेव्हा लाईट आलेली, पंखा फिरत होता. दारात ओल्या चुन्याचा गार वास. उठून हात पुढं केला. काही नाही. वर, खाली, कडेला, कुठंच काही नाही. गेली बाई एकदाची! जीव एवढा हलका झाला की मी रडायलाच लागले. वळून ह्यांना सांगायला गेले आणि सवयीनं पाय चेपायला हात लावला.

पाय गरम होते.

६

"झुबेदा," कॉटवरून आवाज आला, "पाणी दे."

पुढचं काय सांगू. संध्याकाळपर्यंत आळी लोटली. लियाकतभाई बोलले, लियाकतभाईंचा उजवा हात उठला. डॉक्टर म्हणाले, कधी कधी मेंदू वाट काढतो. फैजाननं पेढे वाटले. महेजबीन माझ्या गळ्यात पडून रडली. दोन जुम्मे गेले नाहीत तोवर माणूस काठी न घेता चालायला लागला. सगळे मला मुबारक म्हणत होते, आणि मी तोंडात घातलेला पेढा गिळता येत नाही म्हणून पदराआड थुंकत होते.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. लकव्यातून उठलेला माणूस बदलतोच. अख्ख्या संसारात कधी नावानं हाक मारली नाही, आता मारतोय, तर काय बिघडलं? जिभेला सोपं पडत असेल. भट्टीबद्दल एक शब्द विचारला नाही, तर दुःख होत असेल. पण एका गोष्टीला मला कारण सापडेना. दार पाडलं ते कुणासाठी? चौकट नसली तरी वाट झाली होती, पलीकडं फैजाननं दुसरा माणूस आणून कमोड बसवला होता. फैजान जायचा, महेजबीन जायची, मी जायचे. तो माणूस मात्र त्या दारातून एकदाही गेला नाही. धो धो पावसात अंगणातून वळसा घालून जायचा, भिजून यायचा, आणि भिजलेलं अंग बघता बघता वाळायचं.

"जुनी सवय आहे अब्बांची," फैजान हसायचा.

माझा संशय मग सुनेवर गेला. म्हटलं, हिनं कुठल्या हकिमाचं काही चारलंय का? दबा धरून बसले. सापडलं काही नाही. उलट तिनंच मला पकडलं.

"अम्मी, माणूस मरता मरता परत आला. तुम्ही त्यांच्या ताटात वाढता, पण डोळ्यांत बघत नाही. असं का?"

"बघते की."

"नाही बघत. त्यांनाही कळतं ते. काल मला म्हणाले, झुबेदाला मी नकोसा झालोय का?"

खरंच माझं काही चुकत असेल तर? वर्षभर मीच त्यांचे हातपाय होते, आता गरज उरली नाही म्हणून मला पोटशूळ उठला असेल तर? त्या संध्याकाळी मी ठरवलं, बस झालं. चहा घेऊन गेले, समोर बसले आणि डोळ्यांत बघितलं. डोळे ह्यांचेच होते. त्यानं माझ्याकडं बघून प्रेमानं हसून दाखवलं. ते हसू इतकं नीट होतं, की बराच वेळ बघून शिकल्यासारखं वाटलं.

७

घरात आता कपडे वाळेनात. मलाही सगळ्या भोरासारखा कुबट वास यायला लागला. एक दिवस सकाळी ओल्या चादरींचा पिळा कडेवर घेऊन मी नव्या दारातून बेकरीत चालले होते. म्हटलं, तिथं दोरी बांधावी. दारातून जाताना कोपर धुराड्याला लागला.

ऊब.

मी पिळा खाली टाकला. दोन्ही हातांनी धुराडं चाचपलं. अगदी थोडी ऊब होती, काखेत लागली होती तेवढीच. गुडघ्याच्या उंचीवर, काजळीच्या झाकणापाशी. बाकी सगळं धुराडं गार.

खोलीत तो माणूस नव्हता, बाजारात गेला होता. मी झाकण ओढलं. गंजलेलं होतं, नख मोडलं, पण निघालं. मोबाईलची बॅटरी लावून वाकले. आत काळं, नुसतं काळं. झाकणाच्या कडेला काजळीचे पातळ पापुद्रे लोंबत होते. ते हळूच आत गेले. थांबले. हळूच बाहेर आले. धुराड्यात वारा असतो, मी स्वतःला म्हणाले. वारा असाच येतो जातो. मग आत जाताना तो मधेच अडकला आणि पुढं गेला, ह्यांचा झोपेत अडकायचा तसा. शेजारी निजलेल्या माणसाचा श्वास बायको ओळखत नाही, असं कुठं होतं का?

"अहो," मी म्हणाले.

आत, हात घातला तर पोचेल एवढ्या अंतरावर, काजळीत काहीतरी ओलं चमकलं. मिटलं. पुन्हा चमकलं.

मी हात घालणार तोच मागं अंगणाचं फाटक वाजलं.

८

तो माणूस बाजारातून परत आला होता, म्हणून मी झाकण घाईनं लावून टाकलं. ती रात्र मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. फैजानला सांगितलं. तो माझ्याबरोबर आला, बॅटरी आत मारली, म्हणाला, "काजळी आहे अम्मी. पाणी झिरपलंय." धुराड्यावर त्याचा हात धरून ठेवला, तर म्हणाला, काही लागत नाही. त्याला खरंच लागत नव्हतं, की त्याला लागून घ्यायचं नव्हतं? बाप चालता-बोलता झालेल्या पोराला मी तरी काय म्हणू.

सकाळी अंगणात मोटारसायकल थांबली. गेनू. मागं सिमेंटचं पोतं.

"तू कसा आलास?"

"चाचांचा फोन आलता," तो खाली बघत म्हणाला. "दार बुजवायचं म्हनत्यात."

आतून तो माणूस आला. "आता मी चालतो-फिरतो, दाराची गरज काय? गार वारा येतो. भिंत होती तशी करून टाक, गेनू. आणि धुराडंही आतून विटा-मातीनं भरून घे, पाणी झिरपतंय."

"बरोबर आहे अब्बांचं," फैजान म्हणाला.

मी चटई घेतली, दारात टाकली आणि खाली बसले. पाय खोलीत, पाठ धुराड्याला. फैजाननं आधी समजावलं, मग आवाज चढवला. महेजबीननं हात धरून ओढलं, मग तीच रडायला लागली. "अम्मी, लोक काय म्हणतील? नवरा बरा झाला आणि ही वेडी झाली म्हणतील." म्हणू देत. मी म्हणाले, "वीट लावायची तर माझ्यावर लावा."

गेनू घमेल्यात मसाला कालवत होता. कालवता कालवता थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग त्या माणसाकडं बघितलं, आणि थापी धुऊन पिशवीत टाकली. "चाचीला उठवून म्या भिंत घालनार न्हाई. दुसरा मानूस बघा." तो गेला. फैजान रागारागानं दुसरा गवंडी बघायला गेला. महेजबीन शाळेत.

खोलीत तो आणि मी उरलो. त्यानं खुर्ची ओढली, दारापासून लांब ठेवली, खोलीच्या मधोमध. बसला. गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या सदऱ्यातून येणारी धग मला तिथवर लागत होती. बाहेर पाऊस लागला होता, आणि पाठीमागं विटांच्या आत, मोजता येईल इतक्या हळू, ऊब येत होती आणि जात होती.

"किती दिवस बसशील, झुबेदा?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि तीच मला सहन झाली नाही. "आतला गार होत चाललाय."

माझे तळवे मघापासून गार पडायला लागले होते, आता पोटऱ्याही पडत होत्या. कारण मला माहीत होतं. मी पाठीवरचा पदर बाजूला केला आणि उघडी पाठ धुराड्याला घट्ट लावली. म्हटलं, घ्या. लागेल तेवढी घ्या.